खापर फोडायला आपलंच डोकं

पूर्वी पैशाचा एखादा निर्णय फसला की खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं शोधावं लागायचं. कधी सल्ला देणाऱ्या मित्राचं, कधी नशिबाचं, अगदीच कुणी हाती लागलं नाही तर बाजाराचं. ती वणवण आता संपली. आपलंच डोकं घ्यायचं, फक्त खापर वरून न फोडता आतून फोडायचं. आत सुमारे १.४ किलोचा एक अवयव बसलेला आहे, आणि त्याच्या भागांची नावं इतकी भारदस्त आहेत की ती ऐकूनच समोरच्याचा उलटतपासणीचा उत्साह मावळतो. मेंदू वेगळा आणि मी वेगळा, एवढं एकदा पक्कं केलंत की अर्धं काम झालं.

सुरुवात इन्सुलापासून करा, म्हणजे मेंदूत आत दडलेल्या एका भागापासून. शब्द सुटसुटीत आहे, चटकन तोंडी बसतो. समजा, वाटणीच्या बोलण्यात तुम्ही ताठ्यापायी उठून गेलात आणि हातात येणारी रक्कम घालवलीत. 'मी चिडलो' असं चुकूनही म्हणू नका. 'माझा इन्सुला पेटला' म्हणा. याला आधार आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. १९८२ मध्ये व्हेर्नर ग्यूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अल्टिमेटम गेम' हा खेळ अभ्यासला. एकाला रक्कम मिळते, त्यानं दुसऱ्याला त्यातला वाटा देऊ करायचा. दुसरा 'हो' म्हणाला तर ठरल्याप्रमाणे दोघांना पैसे, 'नाही' म्हणाला तर दोघांच्याही हाती भोपळा. हिशेबी माणसानं दहातला एक डॉलरसुद्धा मुकाट्यानं घ्यावा, कारण एक हा शून्यापेक्षा मोठा. माणसं तसं करत नाहीत. दहातले एक-दोन पुढे सरकवले की बरीच जणं ते लाथाडतात, स्वतःचं नुकसान करून समोरच्याला धडा शिकवतात.

२००३ मध्ये ॲलन सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी हाच खेळ १९ जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये आडवं करून खेळायला लावला. अन्यायाचा वाटा समोर आला की अँटिरिअर इन्सुला, म्हणजे इन्सुलाचा पुढचा भाग, जोरात कामाला लागायचा. किळस आली की जो भाग जागा होतो, तोच हा. जितका तो जास्त पेटलेला, तितकी नकाराची शक्यता जास्त. म्हणजे तुम्ही हेकट नाही, तुम्हाला अन्यायाची शब्दशः किळस आली होती. सांगा असं बिनधास्त.

फक्त एक गोष्ट सांगू नका. हाच इन्सुला दुखलं-खुपलं, छातीत धडधडलं, तरीही हजेरी लावतो. मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासांत तो इतक्या वेळा दिसतो की त्याच्या पेटण्यावरून माणसाच्या मनातलं ओळखणं म्हणजे खिडकीत दिवा दिसला म्हणून आत भांडण चाललंय असं ठरवणं. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये या उलट्या अनुमानाबद्दल सगळ्यांना रीतसर बजावलं होतं. पण तुमच्या श्रोत्यांनी पोल्ड्रॅक वाचलेले नसतात, ही तुमची जमेची बाजू.

त्याच प्रयोगात आणखी एक खजिना दडलाय. तोच तुटपुंजा वाटा संगणकानं देऊ केला की लोक तो जास्त वेळा स्वीकारायचे. तेव्हा कुणाला कमी द्यायचं असेल तर ते स्वतःच्या तोंडानं सांगण्याचा वेडेपणा करू नका. 'सिस्टिममध्येच तसं येतंय' म्हणा. हा शोध प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी कचेऱ्यांना लागला होता, अशी मला दाट शंका आहे. २००६ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी त्यापुढची पायरी गाठली. कपाळाच्या उजव्या बाजूच्या आतल्या भागाचं काम चुंबकीय स्पंदनांनी काही काळ मंदावलं, तेव्हा माणसं अन्यायाचा वाटा जास्त वेळा घेऊ लागली. गंमत म्हणजे तो अन्याय आहे, हे त्यांना नीट कळत होतं. कळतंय, पटत नाही, तरी सही करताहेत. नोकरदार माणसाला यासाठी चुंबक लागत नाही, पण शास्त्राला पुरावा लागतो.

पुढचा शब्द डोपामाइन. तो कुठेही चालतो: खरेदी, जुगार, रात्री दोनपर्यंत मोबाईल. 'सुखाचं रसायन' असं म्हणून मोकळं व्हा. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना रस पाजून केलेले प्रयोग मात्र कुणापुढे काढू नका, कारण तिथे प्रकरण नको तितकं खोल जातं. रस अचानक मिळाला तर डोपामाइन सोडणाऱ्या पेशी उसळतात. रसाआधी इशारा मिळतो, हे माकडाला उमगलं की त्या इशाऱ्यालाच उसळतात, रसाकडे ढुंकून बघत नाहीत. आणि इशारा देऊन रस दिलाच नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जातं. म्हणजे हे सुख मोजणं नसून अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजणं आहे, एका परीनं हिशेबतपासनीसाचं काम. आता आपल्या उधळपट्टीचं खापर हिशेबतपासनीसावर फोडायचं म्हणजे जरा अवघडच जातं. सुखाचं रसायन बरं.

ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचंही तसंच. २००५ मध्ये ते नाकात फवारल्यावर लोक अनोळखी माणसावर विश्वास टाकून त्याच्या हाती जास्त पैसे सोपवताना दिसले. २०२० मध्ये तोच प्रयोग बऱ्याच जास्त लोकांवर पुन्हा झाला, तेव्हा हा परिणाम हाती लागला नाही. तुम्ही २००५ पाशीच थांबा.

कुणी 'भावना बाजूला ठेवून निर्णय घे' असं शहाणपण शिकवलं तर मान डोलवा आणि मेंदूतज्ज्ञ अंतोनिओ दमासिओ यांच्या रुग्णाची हकीकत मनातल्या मनात आठवा. कपाळामागच्या भागाला, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, इजा झालेला हा माणूस. बुद्धी शाबूत, भावना थंड. पुढच्या भेटीसाठी त्याला दोन तारखा दिल्या, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्हींचे फायदे-तोटे मांडत बसला: आधीची कामं, संभाव्य हवामान, सगळं. शेवटी डॉक्टरांनीच एक तारीख सांगितली. 'ठीक आहे,' म्हणाला आणि गेला. भावनेचा अडथळा नसलेला निर्णय असा दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: रंगीत चित्र. राखाडी मेंदूवर एक नारिंगी ठिपका असला की वाद मिटलाच. वास्तविक तो ठिपका म्हणजे काही विचाराचा फोटो नव्हे, रक्तातल्या प्राणवायूच्या फरकावरून आकडेमोड करून काढलेला अंदाज असतो. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि मंडळींनी स्कॅनरमध्ये एक सॅमन मासा ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि त्या माणसांच्या भावना ओळखायला सांगितलं. आकडेमोडीतली एक आवश्यक दुरुस्ती मुद्दाम गाळली, तेव्हा माशाच्या मेंदूतही ठिपका उजळला. मासा मेलेला होता. २०१२ मध्ये या कामाला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नफ्या-तोट्याचे डाव खेळणाऱ्या १०८ जणांचे तेच स्कॅन ७० गटांना दिले गेले. विश्लेषणाची पद्धत कुठल्याही दोन गटांची सारखी निघाली नाही, आणि काही प्रश्नांवर उत्तरंही फाटली. घाबरू नका. ७० वाटा म्हणजे तुमच्या सोयीची एखादी असणारच.

चित्र नसेल तर एक वाक्यही पुरतं. येल विद्यापीठातल्या डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की भिकार स्पष्टीकरणात मेंदूबद्दलचं एखादं गैरलागू वाक्य घुसवलं तरी सामान्य वाचकांना ते जास्त पटतं. तज्ज्ञांना पटलं नाही. तज्ज्ञ असलेल्या घरी जेवायला गेलात तर हवापाण्यावर बोला.

एक धोका मात्र आहे. हे सगळं तुमच्याकडून उसने पैसे नेणाऱ्या मित्रानंही वाचलेलं असू शकतं. तुम्ही तगादा लावायला जाल, तर तो शांतपणे म्हणेल, 'अरे, माझा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स दूरचा विचारच करत नाही.' तुम्ही म्हणाल, 'माझा इन्सुला पेटलाय.' तो म्हणेल, 'साहजिक आहे.' मग दोन समंजस माणसं समोरासमोर बसून आपापल्या मेंदूला दोष देत राहतील. पैसे तेवढे कुठल्याच स्कॅनमध्ये सापडणार नाहीत.