व्हाइटनर सुटलं, बाकीचं सोडवायचं नव्हतं

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं स्टेशनरीचं दुकान. जूनमध्ये पोरं काय मागतात, मार्चमध्ये काय, हे मला गिऱ्हाइकाचं तोंड न बघता सांगता येतं. म्हणून अकरावीचा एक मुलगा ऐन ऑगस्टमध्ये आठवड्याला तीन-तीन व्हाइटनर पेनं न्यायला लागला, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला उशिरा. एकदा पैसे देताना हात दिसला. बोटांवर पांढरे डाग, नाकाखालची कातडी सोललेली. म्हटलं, "बाळा, एवढं काय खोडतोस रे?" हसला. "खूप चुकतं, काकू." खोडायला नव्हे, हुंगायला नेत होता.

त्या दिवसापासून मी त्याला व्हाइटनर दिलं नाही आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तो पुढच्या दुकानात गेला असणार, दुसरं काय! बाटलीतलं व्हाइटनर आणि थिनर विकायला सरकारने २०१२ मध्येच बंदी केली, पण पेनं राहिली, पंक्चरचं सोल्यूशन राहिलं. २०१९ साली केंद्र सरकारचा व्यसनांवरचा अहवाल आला. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली नशा एकच, ही हुंगायची. १० ते १७ वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. दप्तरात सापडली तरी कुणाला वावगं वाटत नाही. आणि पहिल्याच खेपेला हृदय बंद पडून पोरगं जाऊ शकतं, हे किती घरांत माहीत आहे?

सहा महिन्यांनी त्याची आई वह्या घ्यायला आली आणि काउंटरशीच रडायला लागली. नशेचं कळलं होतंच. त्यात मोबाइलमध्ये एका मुलाशी झालेलं बोलणं सापडलेलं. शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, तर तिथला माणूस म्हणाला, "ताई, काळजी करू नका, दोन्ही सवयी सोडवून देतो."

दोन्ही सवयी! माझं डोकंच फिरलं.

समलिंगी असणं 'बरं करून देतो' म्हणणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सांगितलंय. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा प्रश्न सुप्रीम कोर्टाने २०१८ ला निकाली काढला. याच पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, समलिंगींसाठी काम करणारी समपथिक संस्था २००२ मध्ये निघाली, समलिंगींच्या हक्कांची प्राइड मिरवणूक २०११ पासून निघते. आणि या बाईला यातलं एकही कुणी सांगितलेलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं? त्या रात्री लेकीला बसवून शोधलं.

आता कमेंटमध्ये कुणीतरी येणार, "असले असतात म्हणूनच नशा करतात." अहो, सतराव्या वर्षी रोज घरात खोटं वागावं लागलं तर आपण काय केलं असतं? शेजारच्या पोराने केली तर ती संगत, याने केली की लगेच 'असले'?

समुपदेशक चांगली मिळाली, नशा सुटली. वर्ष गेलं त्यात, मध्ये दोनदा घसरला. (घरात कुणाचं असं असेल तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्तीचा फोन आहे, फुकट लागतो.) हे त्याला विचारूनच लिहितेय. वाचून म्हणाला, "एक घाला, काकू. नशेबद्दल घरात सगळे बोलायचे, ओरडायचे, रडायचे. दुसऱ्या गोष्टीला आई नुसतं 'ते' म्हणायची."

परवा आला होता, जेल पेनं घेतली. व्हाइटनर तो मागत नाही, मी दाखवत नाही. आई अजून 'ते'च म्हणते.