सोपाय, मामा!

कुणी "अवघड आहे" म्हणालं की माणूस सावध होतो. सर्दी आणतो, नाहीतर कुणाच्या तरी साखरपुड्याला निघून जातो. खरा घात "सोपाय" या शब्दानं होतो. आमच्या पुण्याच्या भाच्यानं फोनवर हा शब्द तीनदा उच्चारला आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी ट्रेकर झालो.

"मामा, येडशीचं रामलिंग. जंगल, ओढा, धबधबा. डोंगर आपला नावाला. सोपाय!"

सोलापूरकराला चालण्याचं वावडं आहे असं कुणी समजू नये. आमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. आषाढात अख्खा महाराष्ट्र आमच्याकडे चालत येतो. (आम्ही जागेवरच असतो, हा भाग वेगळा.) संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत आमचीच माणसं उंचच्या उंच नंदीध्वज पेलत ६८ लिंगांची प्रदक्षिणा घालतात. पण हे सगळं सपाटीवर. मी रोज सकाळी संभाजी तलावाच्या कडेनं चालतो, तिथं पाण्याची आणि माझी पातळी एकच असते. गावात चढ म्हणावा तर रेल्वेवरचा पूल, आणि तिथं आमची स्कूटरसुद्धा कुरकुरते.

नवी पेठेत बूट घ्यायला गेलो. "ट्रेकिंगचे दाखवा," म्हणालो. दुकानदारानं आधी माझ्या पोटाकडं बघितलं, मग पायाकडं.

"कुणाला पाहिजेत?"

"मलाच."

"डॉक्टरनं सांगितलंय का?"

शेवटी नारिंगी नाड्यांचे एक बूट मिळाले. बूट नवे, पाय जुने. दोघांचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

सप्टेंबरातल्या रविवारी निघालो. आमच्याकडं पाऊस पडायचाच असला तर तो सप्टेंबरात पडतो. जून-जुलैत नुसता तोंड दाखवून जातो. गाडीत भाचा, मी, ही आणि टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा माझा दोस्त. भाच्याच्या पिशवीत एनर्जी बार. हिच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे आणि दही. भाच्यानं वाटेतच माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. तुम्ही जे काही चालता-चढता, त्याला ते श्रेणी देतं म्हणे. या वयात पुन्हा परीक्षा.

तुळजापूरचा घाट गाडीनं चढला, त्याबद्दल आम्हाला काहीच वाटलं नाही. पुढं धाराशिव मागं पडलं, येडशी आली, तरी डोंगर दिसेना. दोस्त म्हणाला, "आयला, रस्ता चुकला का बे?" गाडी लावली आणि भाच्यानं बोट दाखवलं. खाली.

मग डोक्यात उजेड पडला. बालाघाटाला डोंगररांग म्हणायचं, पण आमच्या बाजूनं बघितलं तर ती पठाराची कड आहे. गाडी तुम्हाला आधीच माथ्यावर आणून सोडते. पाण्यानं त्या कडेला खोल दऱ्या कोरल्यात आणि देव त्या दऱ्यांत जाऊन बसलेत. तुळजाभवानीचं दर्शनसुद्धा पायऱ्या उतरूनच घ्यावं लागतं. बाकी महाराष्ट्रात देव डोंगरावर असतो. आधी घाम गाळा, मग दर्शन घ्या आणि हलक्या पायानं उतरा. आमच्याकडं उलटं. आधी दर्शन, भोग नंतर. उधारीवरचा डोंगर!

उतरताना मात्र मी राजा होतो. दोन्ही बाजूंना हिरवंगार, सीताफळीला कच्ची फळं लागलेली, खालून पाण्याचा आवाज. "यालाच ट्रेक म्हणतात होय?" असं मी मोठ्यानं म्हणालो. तेव्हा वर चढून येणारं एक जोडपं माझ्याकडं बघून का हसलं, ते मला तासाभरानं कळलं.

रावणाशी झुंजून जटायू इथंच पडला, अशी इथली श्रद्धा आहे. त्याची समाधीही इथं आहे. मी मनोभावे हात जोडले. पंख असलेला पक्षीराज इथून परत वर गेला नाही, हे मात्र त्या क्षणी उगाच आठवलं.

आणि धबधबा. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं आम्ही तिघं त्याच्यापुढं नुसते उभे राहिलो. भाचा फोटो काढत होता. ही हळूच म्हणाली, "अहो, इथं रोज येतं का पाणी?" दोस्ताचा हिशेब सुरू झाला होता. "मिनिटाला तीन बॅरल कुठं गेले नाहीत बे. बंद कोण करतं ह्येला?" पुण्याच्या माणसाला त्यात निसर्ग दिसत होता. आम्हाला वाया चाललेलं पाणी दिसत होतं.

माकडांनी एनर्जी बार पळवले, ते एका दृष्टीनं बरंच झालं. एका माकडानं कडक भाकरीही उचलली आणि फांदीवर बसून दोन-तीनदा चावून बघितली. मग भाकरी फांदीवर आपटली, उलटसुलट करून बघितली आणि हिच्याकडं असं काही रोखून पाहिलं, की लग्नानंतरचे माझे पहिले सहा महिने आठवले.

मग परतीची वेळ झाली.

अवघड डोंगरावर धाप लागली तर लोक पाठ थोपटतात. सोप्या डोंगरावर धाप लागली तर तोंड लपवायला जागा नाही. म्हणून दम खायची प्रतिष्ठित कारणं शोधावी लागतात. पहिलं, बुटाची नाडी. मी ती चार वेळा बांधली. दोस्तानंही दोनदा बांधली, त्याच्या पायात चप्पल होती. दुसरं, मोबाईल. रेंज नसताना मी पाच मिनिटं कुणाशी तरी "हो, हो, बरोबर" करत उभा होतो. सगळ्यांत इभ्रतीचं कारण म्हणजे वाचन आणि ज्ञानदान. वाटेवर दिसलेला प्रत्येक फलक मी 'प्लास्टिक टाकू नये' इथपर्यंत वाचला. भाच्याला थांबवून सांगितलं, की हे अभयारण्य १९९७ सालचं, साधारण २२ चौरस किलोमीटरचं. तेवढ्यानं श्वास जागेवर येईना, म्हणून रेल्वेकडं वळलो.

"ही बार्शी लाइट रेल्वेची वाट बरं का. १८९७ साली सुरू झाली. अडीच फुटी रूळ..." इथं थांबलो. इतिहास सांगायला उभं राहावं, तर बोलायला श्वास लागतो, ही या युक्तीतली खोट. वाक्य दोस्तानं पुरं केलं. "आता ब्रॉडगेज झालीय. सोळा साली लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तवा मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली की बे इकडनंच." आणि आम्ही तिघंही जरा वेळ गप्प झालो. खाली धबधबा आपला चालूच होता. हा थांबा तेवढा खरा होता, त्यात ढोंग नव्हतं.

ही केव्हाच वर पोचली होती. पायात साधी चप्पल, खांद्याला डब्यांची पिशवी. वरून हाक आली, "येताय ना?" त्या 'ना'मध्ये तीस वर्षांचा संसार होता. मी हात हलवून "सृष्टिसौंदर्य बघतोय" अशी खूण केली. अशी खूण करणं सोपं नसतं. हात हलवायलाही श्वास लागतोच. शेवटच्या वीस पायऱ्यांना भाचा मागून म्हणाला, "मामा, हळूहळू या, घाई नाही." मारहाण परवडली.

वर पोचल्यावर ॲप उघडलं. श्रेणी: सोपी. भाचा विजयी चेहऱ्यानं बघत होता. मी चहा मागवला आणि फोन उलटा ठेवला.

रात्री नऊला घरी आलो. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, जिना अठरा पायऱ्यांचा. कठडा धरून कसाबसा चढलो आणि बूट काढायला बसलो, तेवढ्यात खालून शेजारीण ओरडली, "काकू, पाणी आलंय!" ही पदर खोचून उभी. मोटरचं बटण दाबलं, तर लाईट नाही. हिनं काही न बोलता दोन बादल्या माझ्यासमोर ठेवल्या.

अकरा खेपा झाल्या. बाराव्या खेपेला जिन्यातच खिशातला फोन वाजला. ॲपनं माझा व्यायाम आपणहून ओळखला होता.

श्रेणी: मध्यम.