‘सुट्टीतली मजा’ आणि १,०३९ तास

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश तीन वेळा येऊन गेला. तिन्ही वेळा वेगवेगळ्या माणसांनी पाठवला, म्हणजे तो बराच फिरला असणार. थोडक्यात मजकूर असा: ‘अमेरिकेत नॅशनल पार्कचे रेंजर काढले म्हणून गळा काढू नका. हंगामी रेंजर म्हणजे सुट्टीत मजा करायला येणारी कॉलेजची मुलं. सरकारने उलट ७,७०० हंगामी जागा दिल्या, आधीपेक्षा जास्त. काढले ते फक्त प्रोबेशनवरचे नवशिके. एकही पार्क बंद पडलं नाही. आणि रोजंदार तर आपल्या वनखात्यातही असतात, इथे कोण रडतं?’

यातला एक आकडा खरा आहे. बाकीचं तपासून बघू.

कॉलेजच्या मुलांपासून सुरुवात करते, कारण तेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. काही वर्षांपूर्वी बाबा पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत आले होते. जूनमध्ये आम्ही ग्रँड कॅन्यनला गेलो. बाबा दर रविवारी सिंहगड चढणारे. दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल ट्रेलवर, म्हणजे पायवाटेवर, उतार बघून ते भराभर निघाले. थोडं खाली गेल्यावर हिरव्या पँटमधल्या एका रेंजरबाईंनी आम्हाला थांबवलं. पाणी किती आहे, खायला काय घेतलंय, कुठवर जायचा विचार आहे, असं विचारू लागल्या. आमच्याकडे एक अर्धी बाटली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तुमच्या गडावर दमलात तर खाली उतरता. इथे दमाल तेव्हा चढ सुरू होईल.’ दरीचा दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा बरी वाटते, पण जूनमध्ये तळाशी पारा चाळिशीच्या पार असतो. आम्ही तिथूनच मागे फिरलो. बोलता बोलता कळलं की त्यांचा तो अकरावा हंगाम होता आणि हिवाळ्यात त्या फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये काम करायच्या. अकरा वर्षं, आणि कागदोपत्री तात्पुरत्याच.

लोकांना वाटेतच थांबवून विचारपूस करायची ही पद्धत ग्रँड कॅन्यनमध्ये १९९७ मध्ये सुरू झाली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिथे उष्म्याने माणसं दगावली होती. अशी कामं मोठ्या प्रमाणावर हंगामी माणसं करतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या पार्कांतले जीवरक्षक, शोध आणि बचाव करणारे, पायवाटा दुरुस्त करणारे, फाटकावर पैसे घेणारे, संडास साफ ठेवणारे असे कितीतरी जण यात येतात. पोलिसी अधिकार असलेला हंगामी रेंजर व्हायचं तर आधी शेकडो तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि त्याचा खर्च बहुतेक जण स्वतःच्या खिशातून करतात. विद्यार्थी यात असतात, नाही असं नाही. पण ‘सुट्टीतली मजा’ हे वर्णन त्यांनाही लागू होत नाही. २०२४ मध्ये या पदांपैकी बऱ्याच पदांना तासाला १९ डॉलरच्या आसपास पगार होता. पार्कातल्या खोलीचं भाडं त्यातूनच जायचं आणि हंगाम संपला की खोली सोडायची.

आता मुळाशी जाऊ. ही माणसं अकरा-अकरा वर्षं तात्पुरती राहतात कशी? संदेश लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने ‘नवशिके’ हा शब्द वापरला नसता.

वॉशिंग्टनच्या लिंकन मेमोरियलवर पार्क सर्व्हिसचा, म्हणजे नॅशनल पार्क सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचा, एक सफाई कामगार वर्षानुवर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काम करत होता. नेमणूक संपायची, पुन्हा व्हायची. १९९३ मध्ये तो मरण पावला, तेव्हा कळलं की त्याच्या कुटुंबाला विमा नाही, पेन्शन नाही, काहीही नाही. त्यावरून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये संघराज्य सरकारने नियम बदलला: तात्पुरती नेमणूक एका वर्षाची, फार तर आणखी एक वर्ष वाढवायची. हेतू चांगला होता. पण त्याच नियमात एक सूट राहिली. वर्षाला सहा महिन्यांपेक्षा, म्हणजे १,०४० तासांपेक्षा कमी चालणाऱ्या हंगामी कामाला ही दोन वर्षांची मर्यादा लागू नाही. तिथे माणूस दर वर्षी परत बोलावता येतो, कितीही वर्षं. म्हणून रेंजर लोकांच्या तोंडी सतत १,०३९ हा आकडा असतो. त्या आकड्याच्या आत राहिलात तर पुढच्या वर्षी त्याच पार्कात थेट परत येता येतं. ओलांडलात तर नव्याने सगळ्या स्पर्धेत उतरायचं. एका पार्कात उन्हाळा आणि दुसऱ्यात हिवाळा काढून वर्षभर राबणारी माणसं आहेत, पण ती दोन्हीकडे तात्पुरतीच.

याची किंमत पुढे कळते. हंगामी कर्मचारी संघराज्य सरकारच्या पेन्शन योजनेत नसतो. पुढे तो कायम झाला तरी १९८८ नंतरची तात्पुरती सेवा पेन्शनसाठी धरली जात नाही. मागचे हप्ते स्वतः भरायची तयारी असली तरीही नाही. आरोग्य विम्यात त्यांना स्थान मिळालं ते थेट २०१४ च्या नियमबदलाने, आणि तेही हंगाम चालू असेपर्यंत. २०१५ पर्यंत तर खात्यात अंतर्गत भरती निघाली तरी हंगामी माणसाला अर्ज करता येत नव्हता. वीस वर्षं जंगलात काढलेला माणूस ‘बाहेरचा’ ठरायचा. ऑगस्ट २०१५ मध्ये कायदा झाला आणि एकूण २४ महिने सेवा झालेल्यांना ते दार उघडलं. सहा-सहा महिन्यांच्या हिशोबाने २४ महिने भरायला चार वर्षं लागतात.

आता ‘फक्त प्रोबेशनवरचे नवशिके’. १४ फेब्रुवारी २०२५ च्या सुमारास पार्क सर्व्हिसमधून साधारण १,००० जणांना काढलं. ते प्रोबेशनवर होते हे बरोबर. पण प्रोबेशनवर कोण असतं? कायम जागा नुकतीच मिळालेला प्रत्येक जण. आधीची सेवा प्रोबेशनमध्ये धरायची तर ती त्याच खात्यातली, त्याच प्रकारच्या कामाची हवी आणि मध्ये ३० दिवसांपेक्षा मोठा खंड नको. हंगामी माणसाच्या सेवेत तर दर वर्षी काही महिन्यांचा खंड पडतो, आणि तो नियमानेच पाडलेला असतो. म्हणजे आठ हंगाम करून शेवटी कायम झालेला रेंजर पहिल्या दिवशी पुन्हा शून्यावर. अशी अनुभवी माणसंही त्या यादीत सापडली. त्यांना दिलेल्या पत्रात कारण लिहिलं होतं कामगिरीचं. १३ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी ते कारण खोटं असल्याचं सांगून पार्क सर्व्हिस ज्याच्या हाताखाली येते त्या अंतर्गत खात्यासह सहा खात्यांना ही माणसं परत घ्यायचा आदेश दिला. ८ एप्रिलला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांचा नवा आदेश निघाला: प्रोबेशन संपताना खात्याने लेखी मान्यता दिली तरच माणूस कायम, नाहीतर नोकरी आपोआप संपली. हंगामी कामातून वर आलेल्यांना हा बदल सगळ्यात जड जाणार, हे उघड आहे.

राहिला ७,७०० चा आकडा. तो खरा आहे, आणि आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा मोठाही आहे. पण तो जागांना दिलेल्या परवानगीचा आकडा आहे, माणसांचा नाही. उन्हाळ्याच्या जागांच्या जाहिराती आदल्या शरद ऋतूपासून निघू लागतात, हिवाळ्यात निवड होते, मग पार्श्वभूमीची तपासणी, राहायची सोय, प्रशिक्षण. २० जानेवारी २०२५ ला भरतीबंदी आली आणि ज्यांना नोकरीचं पत्र मिळालं होतं त्यांची पत्रं रद्द झाली. त्यानंतर आधी सुमारे ५,००० आणि मग ७,७०० जागांना मुभा मिळाली, ती फेब्रुवारीत. तोवर बऱ्याच जणांनी दुसरं काम धरलं होतं. जुलैमध्ये नॅशनल पार्क्स कन्झर्व्हेशन असोसिएशन या संस्थेने सांगितलं की ठरवलेल्या सुमारे ८,००० हंगामी जागांपैकी ४,५०० च्या आसपास भरल्या होत्या, आणि कायम कर्मचारी जानेवारीपासून २४ टक्क्यांनी घटले होते. पेरणी उलटून गेल्यावर मंजूर झालेलं बियाणं शेतकऱ्याच्या काय कामाचं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

‘एकही पार्क बंद पडलं नाही’ हे वाक्य तर पुरावा म्हणून चालतच नाही. ३ एप्रिल २०२५ ला अंतर्गत खात्याचे सचिव डग बर्गम यांनी आदेशच काढला की पार्क उघडी राहिली पाहिजेत, आणि सेवा कमी करायच्या तर आधी वरून तपासून घ्यायच्या. फाटक उघडं ठेवायचा हुकूम दिल्यावर फाटक उघडं राहतं. त्याआधीच अ‍ॅरिझोनातल्या सग्वारो पार्कने माहिती केंद्रं सोमवारी बंद ठेवायचं ठरवलं होतं आणि योसेमिटीने उन्हाळ्यातल्या काही कॅम्पग्राउंडचं आरक्षण लांबणीवर टाकलं होतं. २०२४ मध्ये या पार्कांना ३३ कोटी १९ लाख भेटी झाल्या, आजवरच्या सर्वाधिक. बाहेरून गेलेल्या माणसाला फाटक दिसतं. पायवाटेवर कोणी विचारणारं नाही, हे त्याला कळणार कसं? आम्हालाही कळलं नसतं.

आणि शेवटचं, ‘आपल्याकडे कोण रडतं’. आपल्याकडे माणसं रडत बसली नाहीत, कोर्टात गेली. पुण्यात पाचगाव पर्वतीच्या टेकडीवर वनखात्याने झाडं लावून शहराला फिरायला मोकळी जागा द्यायची योजना केली. तिथे आणि इतर योजनांवर वर्षानुवर्षं रोजंदार ठेवलेल्या मजुरांनी १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याखाली दाद मागितली. सरकारचं म्हणणं होतं की ही योजनाच तात्पुरती, आणि वनखातं म्हणजे उद्योग नव्हे. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दोन्ही नाकारलं. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा आहे, असा निकाल मजुरांच्या बाजूने दिला. अमेरिकेतल्या हंगामी रेंजरच्या हातात असा कायदा नाही. १,०३९ तासांचा खेळ तिथे नियमातच बसतो.

गटावर हा संदेश पहिल्यांदा टाकणारे काका सहकारनगरला राहतात आणि रोज पहाटे तळजाईवर फिरायला जातात. मी त्यांना फोन करून एवढंच सांगितलं की तळजाई म्हणजेच ती पाचगाव पर्वतीची टेकडी.