हॅमस्टरची पाण्याची बाटली परत लावा

‘वाळवंटी उंदरांना पाणी लागत नाही. हॅमस्टरही वाळवंटातलाच. पाणी पाजलं तर आजारी पडेल. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया घाला आणि पिंजरा उन्हात ठेवा.’ हा मेसेज इतक्या ग्रुपांवर फिरलाय की शेवटी कोथरूडला माझ्या ताईकडेही पोचला. नऊ वर्षांच्या भाचीनं तो वाचून ऐन एप्रिलात बाटली काढून ठेवली. दोन दिवसांनी मी गेले, तर तिचा सोनेरी हॅमस्टर कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेला. बाटली लावल्याबरोबर त्यानं पुढच्या दोन्ही पायांनी नळी धरली. नळीतली गोळी कितीतरी वेळ टकटक वाजत होती. पोरीला काय बोलणार? राग मेसेज लिहिणाऱ्याचा येतो.

पाणी न पिता जगणारा उंदीर आहे, हे मान्य. तो अमेरिकेतल्या वाळवंटातला कांगारू रॅट. क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञानं त्याच्या पाण्याचा हिशेबच मांडला होता: १०० ग्रॅम कोरडी बार्ली अंगी लागताना शरीरात सुमारे ५४ ग्रॅम पाणी तयार होतं. तेवढ्यात भागवायला तो दिवसभर दमट बिळात बसतो आणि त्याची लघवी समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट असते. पण त्याच कांगारू रॅटला प्रयोगात सोयाबीन खाऊ घातलं, तेव्हा प्रथिनांपासून तयार होणारा युरिया लघवीतून बाहेर टाकायला अंगातलं पाणी पुरेना. शेवटी ते उंदीर समुद्राचं पाणी प्यायले! खाणं बदललं तर त्यालाही पाणी लागतं, मग हॅमस्टरची बाटली कुठल्या आधारावर काढायची?

मुळात सोनेरी हॅमस्टर वाळवंटातला नाहीच. पाळलेले जवळजवळ सगळे सोनेरी हॅमस्टर १९३० साली सीरियात अलेप्पोजवळ सापडलेल्या एकाच मादीच्या पिल्लांचे वंशज आहेत, आणि ती सापडली गव्हाच्या शेतात.

बियांचं म्हणाल, तर तो गालात दाणे कोंबून नेतो म्हणून लोकांना वाटतं तेवढंच खातो. शेतात तो कोवळा पाला आणि किडेही खातो. आपल्या थारमधला वाळवंटी उंदीरसुद्धा बियांबरोबर मुळं, गवत, किडे खातो.

उरलं ऊन. अलेप्पोच्या शेतातली हॅमस्टरची बिळं सरासरी ६५ सेंटिमीटर खोल असतात. ऊन तापलं की तो खाली जातो. गॅलरीतल्या पिंजऱ्यात तो कुठे जाणार? ताईनं पिंजरा आता आतल्या खोलीत, फरशीवर ठेवलाय.