मेव्हण्याची बोट

मेव्हण्याला कंपनीने दुबईला पाठवलं तेव्हा त्याने फ्लॅट भाड्याने दिला, गाडी विकली, कुत्रं मित्राकडे सोडलं आणि बोट मला दिली. दिली म्हणजे नावावर केली नाही. फायबरची अठरा फुटी बोट, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन, कागदोपत्री सगळं त्याचंच. मला दिली ती फक्त देखभाल. विमानतळावर निघताना एवढंच म्हणाला, "भाऊजी, फार काही नाही हो. अधूनमधून इंजिन सुरू करून बघायचं." भावाच्या डोळ्यांत पाणी, म्हणून बहिणीच्याही डोळ्यांत पाणी. अशा वेळी 'नाही' म्हणणारा नवरा अजून जन्माला यायचाय.

बोट असते रेवदंड्याला, माझ्या सासुरवाडीला, कुंडलिकेच्या खाडीत. मी असतो ठाण्याला. मध्ये वडखळ नाका आहे. ज्यांनी शनिवारी सकाळी वडखळ ओलांडलंय त्यांना पुढचं काही सांगायला नको.

ऑफिसात मात्र "ह्याची बोट आहे" एवढंच पसरलंय. लोकांना वाटतं, मी पांढरी टोपी घालून सुकाणूवर एक हात ठेवून क्षितिजाकडे बघत असणार. प्रत्यक्षात मी जुन्या बर्म्युड्यात, गुडघाभर चिखलात, तोंडात टॉर्च धरून दुसऱ्याला पाना देत असतो. ह्या खेळात दोनच भूमिका असतात, दुरुस्ती करणारा आणि टॉर्च धरणारा. मालक ही तिसरी भूमिका, पण ती दुबईहूनही करता येते.

बोटीमागे टांगलेल्या ह्या इंजिनाला कोळीवाड्यात सगळे ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात. हे इंजिन रेडिएटर वगैरे भानगड ठेवत नाही. पाण्यात बुडलेल्या आपल्या खालच्या भागाने, म्हणजे पायाने, खाडीचंच पाणी ओढून घेतं, अंगात फिरवतं आणि सोडून देतं. त्यातली थोडी धार मागच्या भोकातून बाहेर पडते, ती दिसावी म्हणूनच. धार जोरात पडली तर इंजिन थंड आहे. धार बारीक झाली की पोटात गोळा. धार बंद झाली तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, नाहीतर पुढचा खर्च ऐकून मालकाला दुबईत घाम फुटतो, आणि तिथे तो आधीच फुटलेला असतो.

त्यामुळे मेव्हण्याच्या प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न, "भाऊजी, धार कशी आहे?" एकदा हा फोन मला संध्याकाळच्या खचाखच लोकलमध्ये आला. गाडीच्या आवाजात मला ओरडावं लागत होतं. "बारीक झालीय रे! मध्येच तुटते! सुरू व्हायलाच वेळ लागतो! आणि नंतर नुसतं थेंबथेंब!" आसपास एकदम शांतता पसरली. मुलुंडला उतरताना एका सद्गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "ह्या वयात होतं. लाजू नका, सोनोग्राफी करून घ्या."

धारेच्या मुळाशी असतो इंपेलर. रबराचा, तळहातावर मावणारा, पाकळ्यापाकळ्यांचा पंखा. किंमत फार नाही. पण तो बसवलाय कुठे? इंजिनाच्या पायात, गिअरबॉक्सच्या डोक्यावर. म्हणजे तो बदलायचा तर खालचा अख्खा पाय उतरवायचा. पाय धरून ठेवणारे बोल्ट स्टीलचे, पाय ॲल्युमिनियमचा आणि मध्ये खारं पाणी. ही तीन मंडळी वर्षभर एकत्र राहिली की त्यांच्यात जो जिव्हाळा निर्माण होतो तो तोडणं माणसाच्या हातात नाही. आमच्या पायाचे बाकीचे बोल्ट सुटले. शेवटचा सुटेना. मेकॅनिकने गंजावरचा स्प्रे मारला, हातोडीने टिचक्या मारल्या, चहा प्यायला, ब्लो-लॅम्पने तापवला, पुन्हा टिचक्या मारल्या आणि मग माझ्याकडे वळून, "टॉर्च नीट धरा ना साहेब," म्हणाला. त्या वेळी भर दुपार होती.

शेवटी बोल्ट सुटला. पंप उघडला. पाकळ्या सहा असायला हव्या होत्या, निघाल्या पाच. मला वाटलं, नवीन टाकायचाच आहे, मग जुन्याची चौकशी कशाला? पण मेकॅनिक गंभीर झाला. तुटलेली पाकळी पाण्याबरोबर वर चढते, इंजिनाच्या आतल्या बारीक वाटेत अडकते, आणि मग नवा इंपेलर बसवूनही धार येत नाही. पाकळी सापडलीच पाहिजे. पुढचा दीड तास आम्ही दोघं तारेने आणि फुंकरीने नखाएवढा रबराचा तुकडा शोधत होतो. सासूबाई मध्ये येऊन बघून गेल्या आणि आत जाऊन बायकोला म्हणाल्या, "जावयांचं काहीतरी हरवलंय. सोन्याचं असावं." तांब्याच्या नळीच्या वळणात तो तुकडा सापडला तेव्हा मेकॅनिकने तो मला दोन्ही हातांनी दिला. मी तो जपून ठेवलाय.

आता गोड्या पाण्याचं. खाऱ्या पाण्यात फिरून आलेलं इंजिन गोड्या पाण्याने आतून धुवावं लागतं, नाहीतर आत मीठ साचतं. सोपा उपाय म्हणजे दोनशे लिटरचं निळं पिंप गोड्या पाण्याने भरायचं, इंजिनाचा पाय त्यात बुडवायचा आणि दहा मिनिटं चालवायचं. उपाय सोपा आहे, पण पिंप सासूबाईंचं आहे. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते, नळाला दिवसाआड पाणी येतं, वाडीतल्या सुपाऱ्या माना टाकतात. अशा दिवसांत जावई पिंपभर पाणी इंजिनाला पाजतोय, हे दृश्य कुंपणापलीकडून बघणाऱ्या शेजारणीला काय वाटत असेल ते तिने एकदाच बोलून दाखवलं. "आमच्या म्हशीलाही एवढं लागत नाही हो." सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी जेवताना फक्त माझ्या ताटाशेजारी पाण्याचं भांडं नव्हतं.

पेट्रोल हा स्वतंत्र अध्याय. बोटीची टाकी सुटी असते, ती हातात घेऊन पंपावर जावं लागतं. सुटं पेट्रोल द्यायला पंपवाले नाखूश, आणि ते बरोबरच आहे. "गाडी कुठाय?" "पाण्यात." "मग आधी गाडी काढा बाहेर." ह्या संवादानंतर मी आता बोटीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत नेतो. आमचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यामुळे लिटरला वीस मिली ऑइल मोजून टाकायचं. आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. पावसाळाभर टाकी तशीच ठेवली तर हवेतला दमट ओलावा ओढून ते तळाला वेगळं बसतं आणि नारळी पौर्णिमेनंतर आपण हौसेने दोरी ओढतो तेव्हा इंजिनाला पेट्रोलऐवजी ते मिळतं. म्हणून मे संपताना टाकी रिकामी करायची. हे मला नाखव्याने सांगितलं.

नाखवा म्हणजे सासऱ्यांच्या वेळेपासूनचे शेजारी, तीन सिलिंडरच्या मासेमारी बोटीचे मालक. सगळं गाव मला जावईबापू म्हणतं, तेही म्हणतात. पण त्यांच्या तोंडून ते ऐकताना आपल्याला अजून पोहता येत नसल्यासारखं वाटतं. वास्तविक येतं. एकदा बोट ढकलणाऱ्या आमच्या मागच्या पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये, कुणाच्यातरी जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंडाळला गेला. मी वरवर दिसला तेवढा कापून काढला आणि खूश झालो. नाखव्यांनी पंखाच काढायला लावला. मागे शाफ्टवर बोटभर धागा वितळून घट्ट बसला होता. "ह्यो सील कापतो, जावईबापू. मग पानी आत." गिअरचं ऑइल थोडं सोडून बघितलं तर ते काळंसर निघायच्या ऐवजी दुधाळ निघालं. पाणी गेलंच होतं. सील बदललं. पंख्याच्या नटातली बारीक पिन त्या गडबडीत चिखलात पडली. ती आजही तिथेच आहे.

मेव्हण्याच्या हौशी पुतण्याने गेल्या वर्षी बोट रंगवली. इंजिनाच्या पायाला जस्ताचा एक ठोकळा लावलेला असतो. खाऱ्या पाण्यात धातू खाल्ला जातो, तर आधी हा जस्ताचा तुकडा झिजावा आणि ॲल्युमिनियमचा पाय वाचावा, एवढ्यासाठीच त्याचा जन्म. पुतण्याने त्यालाही दोन हात सुंदर निळा रंग दिला. रंगाखाली जस्त सुरक्षित राहिलं. पाय मात्र झिजायला लागला. मी सॅन्डपेपरने रंग काढत बसलो असताना पुतण्या व्हॉट्सॲपवर विचारत होता, "काका, फिनिशिंग कसं वाटलं?"

पाहुणे आले की तर मी तिकीट तपासनीस होतो. जीवरक्षक जाकीट घाला, असं म्हटलं की लोक ते उशाला घेतात. एक बाई म्हणाल्या, "फोटो झाल्यावर घालते." बोट खाडीच्या मुखाकडे निघाली आणि डावीकडे कोर्लईचा किल्ला दिसला की सगळे एकदम डाव्या बाजूला येतात, त्यामुळे बोटही किल्ला बघायला वाकते. "मधे बसा, मधे!" असं ओरडण्यात माझं निम्मं पर्यटन संपतं. माझ्या मनगटाला एक लाल गुंडाळी-दोरी असते. ती इंजिनाच्या स्विचला अडकवलेली; चालवणारा पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच माणसावर येऊ शकते. एका पाहुण्याने विचारलं, "नवस आहे का काही?" मी हो म्हटलं.

आणि दुपारी परत यायचंच. उन्हाळ्यात बारानंतर वायव्येचा वारा सुटतो. त्याच वेळी ओहोटीचं पाणी बाहेर निघालं असेल तर मुखाशी दोघं समोरासमोर भिडतात आणि पाणी उभं राहतं. पाहुण्यांना मात्र "अजून अर्धा तास" हवा असतो. सूर्यास्त समुद्रातून बघायचा असतो. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक मी बोटीत ठळक अक्षरांत लिहून ठेवलाय. अर्धा तास मागणाऱ्याला तो आधी मोठ्याने वाचायला लावतो. मग सगळे वेळेवर निघतात.

ह्या सगळ्याच्या वर बसलाय चंद्र. बोटीच्या तळाला पाण्याखाली धारदार कवचाचे जीव चिकटतात, बोट जड होते, पेट्रोल पिते. तळ साफ करायची इथली रीत अशी: पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या उधाणाला, भरती टोकाला असताना, बोट जेवढी वर नेता येईल तेवढी न्यायची. नंतर भांग लागतो, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस, तेव्हा भरती एवढी वर चढतच नाही. बोट कोरडी राहते. खरवडा, रंगवा, पुढच्या उधाणाला पाण्यात. भरतीची वेळही नाखवे बोटांवर काढतात. तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा. घड्याळ नाही, ॲप नाही.

तर गेल्या फेब्रुवारीत पौर्णिमेला आम्ही बोट अशी वर चढवली. तळ खरवडला, रंग सुकायला ठेवला. आणि षष्ठीला मेव्हण्याचा फोन. "सरप्राइज! चार दिवस सुट्टी. उद्या पोचतो. बोट तयार आहे ना?"

मी तिथी सांगितली. त्याला वाटलं मी मुहूर्त सांगतोय. "भाऊजी, मी असलं काही मानत नाही हो."

आला. बोट चकचकीत, नव्या रंगाची, पाण्यापासून पंचवीस पावलं लांब चिखलात. संध्याकाळी भरती आली, दहा पावलांवर थांबली आणि परत गेली. त्याने नाखव्यांना विचारलं, "पाणी इथपर्यंत कधी येईल?"

"अमुशाला."

"पण माझं तिकीट बुधवारचं आहे."

नाखव्यांनी बिडी विझवली. "मग तिकीट बदला. चंद्राचं काय आपल्या हातात नाय."

शेवटच्या दिवशी सगळं कुटुंब बोटीत चढलं. स्टुलावरून. सासूबाईंनी कांदेपोहे आणले. बायकोचा आग्रह असा की बोटीत बसायचं तर जाकिटं घालूनच, त्यामुळे आठ माणसं केशरी जाकिटं घालून चिखलात पोहे खात होती. मेव्हण्याने दोरी ओढायला हात घातला तेव्हा मी त्याचा हात धरला. कोरडं चालवलं तर इंपेलर मिनिटांत जळतो, आणि पाकळी शोधायला आता माझे डोळे पूर्वीसारखे नाहीत. त्याने मग नुसताच सुकाणूवर हात ठेवून फोटो काढून घेतला. मी तो काढला, चिखल वगळून. दुबईला पोचल्यावर त्याने टाकला. दोनशेच्या वर लाइक आले म्हणे. त्याच्या ऑफिसातले चौघं पुढच्या महिन्यात भारतात येतायत, बोटीसाठी. माझा नंबर त्याने त्यांना दिलाय.

मी पंचांग बघितलं. सप्तमी ते दशमी.