पेपरमिंट म्हणजे आपला पुदिनाच? नाही हो

उन्हाळा लागला की फॅमिली ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: ‘पेपरमिंट म्हणजे आपला पुदिनाच. गोळ्यांतला थंडावा निव्वळ केमिकल. त्यापेक्षा कुंडीत पेपरमिंटचं बी पेरा, रोज पानं खा. अंगातली उष्णता उतरते, ॲसिडिटी जाते.’

आपण चटणीला घेतो तो पुदिना बहुतेक वेळा स्पिअरमिंट. त्याचा वास कार्व्होन या घटकाचा, थंडावा देणारं मेंथॉल नावापुरतं. पेपरमिंट हा स्पिअरमिंट आणि पाणथळ जागी वाढणारा वॉटरमिंट यांचा संकर, आणि त्याच्या तेलात साधारण ३० ते ५५ टक्के मेंथॉल. म्हणून चटणी कितीही चापली तरी गोळी चघळल्यावर श्वास गार लागतो तसा लागत नाही. पेपरमिंट चॉकलेटमध्ये पुदिन्याचा रस घालून बघा, सँडविचची आठवण येईल! तिथे खाण्यायोग्य पेपरमिंट तेलाचा थेंबभर अर्क लागतो, तोही मिश्रण आचेवरून उतरवल्यावर. हे तेल गरम झालं की उडतं.

बी पेरायचा सल्ला तर कमालच. संकर असल्याने पेपरमिंटला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. जमिनीलगत पसरणाऱ्या फुटव्यांपासून त्याची लागवड होते. पाकिटातून ‘पेपरमिंट’ म्हणून येतं ते बहुधा दुसऱ्याच पुदिन्याचं बी.

आता ‘केमिकल’. मेंथॉल कारखान्यात बनवता येतं आणि बनवतातही. पण भारतात ते मुख्यतः शेतातूनच येतं: उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल, रामपूरकडे पिकणारा ‘मेंथा’, म्हणजे जपानी पुदिना. त्याच्या तेलात सुमारे ७० टक्के किंवा जास्त मेंथॉल असतं. तेल गार केलं की त्याचे स्फटिक सुटतात. अमृतधारेत कापूर आणि ओव्याच्या फुलासोबत पडतं ते पिपरमिंटचं फूल हेच. मेसेज पाठवणाऱ्या काकांच्या कपाटातही ती बाटली असणार.

उष्णता उतरते म्हणाल, तर मेंथॉल फक्त थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. २००२ मध्ये त्यामागचा ग्राहक रेणू (रिसेप्टर), म्हणजे या मज्जातंतूंवरचा थंडी टिपणारा रेणू, सापडला. तो शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं. गोळी चघळून थर्मामीटर लावा, ताप तेवढाच दिसेल.

ॲसिडिटीचं मात्र उलटंच होऊ शकतं. पेपरमिंट अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करतं, त्यामुळे काहींची छातीतली जळजळ वाढते. पोटात मुरडा येणाऱ्यांना डॉक्टर पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल देतात, पण त्यांवरचं आवरण आतड्यात पोचल्यावरच विरघळतं.