चलन पाडलं की देश वर येतो?

‘विकसनशील देशांनी आपलं चलन स्वस्त करावं. निर्यात आपोआप वाढेल. चीन असाच मोठा झाला. झळ बसेल ती फक्त परदेशी चैनीच्या वस्तू घेणाऱ्यांना.’ अशा अर्थाचा मजकूर बराच फिरतोय. एकेक दावा घेऊ.

‘निर्यात आपोआप वाढेल.’ समजा, एक कारखाना १० डॉलरला जॅकेट विकतो. त्यातलं कापड, चेन, बटणं असा ६ डॉलरचा माल बाहेरून येतो. चलन पडल्यावर स्वस्त होतो तो फक्त उरलेल्या ४ डॉलरचा भाग, म्हणजे मजुरी, वीज, भाडं. वीज आयात तेलावर चालत असेल तर तीही नाही. शिवाय या देशांचे बरेचसे सौदे डॉलरमध्येच ठरतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला दिसणारा भाव लगेच उतरत नाही. फायदा होतो, पण सावकाश आणि अर्धामुर्धा.

‘चीन असाच मोठा झाला.’ जानेवारी १९९४ मध्ये चीनने सरकारी दर डॉलरला ५.८ युआनवरून ८.७ वर नेला, हे खरं. पण परकीय चलनाचे बहुतेक व्यवहार त्याआधीच वेगळ्या बाजारात जवळपास त्याच भावाने होत होते. कागदावरचा दर व्यवहारातल्या भावाच्या मागून आला, एवढंच. पुढे २००५ पासून युआन महाग होत गेला, तरी २००७ मध्ये चीनची वाढ १४ टक्क्यांच्या घरात होती. युआन बरीच वर्षं स्वस्त राखल्याचा उपयोग झाला, हे मान्य. बंदरं, रस्ते, कामगार यांचं श्रेयही त्यालाच द्यायचं, हे जरा अतीच.

‘झळ फक्त चैनीला.’ इजिप्त गहू आयात करतो. तिथे नोव्हेंबर २०१६ मध्ये सरकारने पाउंड, म्हणजे तिथलं चलन, बाजारभावावर मोकळा सोडला, तो पाहता पाहता निम्म्यावर आला आणि २०१७ मध्ये महागाई ३० टक्क्यांपलीकडे गेली. गहू चैनीत कधीपासून मोडायला लागला?

आणि कर्जाचा तर उल्लेखच नाही. खरी मेख तिथेच आहे. १९९७ च्या मध्यावर इंडोनेशियात डॉलर साधारण २,४०० रुपियाला होता. १० लाख डॉलर कर्ज असलेल्या कंपनीच्या डोक्यावर २४० कोटी रुपिया. काही महिन्यांतच डॉलर १०,००० च्या पुढे गेला. कंपनीने नवा पैसाही उचलला नाही, तरी देणं १,००० कोटींवर. अशा कंपन्या निर्यात वाढवत नाहीत, टाळं लावतात. १९९८ मध्ये तिथली अर्थव्यवस्था सुमारे १३ टक्क्यांनी आकसली.

म्हणून चलन हट्टाने महाग ठेवावं, असंही नाही. घानाने १९८० च्या सुमारास डॉलरला २.७५ सेडी हा दर धरून ठेवला होता. काळ्या बाजारात भाव त्याच्या कित्येक पट. सरकारी दराने शेतकऱ्याच्या हाती फारसं पडत नसे, म्हणून कोकोची पोती रातोरात सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टला जायची. १९८३ पासून सेडी उतरवला, शेतकऱ्याचा भाव वाढवला आणि उत्पादन हळूहळू सावरलं. तिथे औषध लागू पडलं. कोको झाडाला लागतो, त्याला बाहेरून चेन आणि बटणं आणावी लागत नाहीत.